तिघांत मिळून एक धड माणूस

इच्छाशक्ती अढळ असेल तर शरीर तिच्यापुढे मान तुकवतं, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. ते यशपाल तळभंडारे सरांच्या टी-शर्टच्या पाठीवर छापलेलं होतं, त्यामुळे वाचायचं तर सरांच्या मागून धावावं लागे. ऑगस्टपासून सर लंगडत असल्याने विजापूर रोडवर सकाळी फिरायला येणारी निवृत्त मंडळीसुद्धा ते सत्य सावकाश वाचून, सरांना ओलांडून पुढे जात असत.

सर पॉलिटेक्निकला शिकवत. विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे कुठली वस्तू किती भार सोसते आणि कधी मोडते. दरवर्षी ते वर्गात सायकलचा एक जुना स्पोक आणत. तो किंचित वाकवत, सरळ करत, परत किंचित वाकवत. "भार किरकोळ आहे," ते सांगत, "पण किरकोळ भारच पुन्हा पुन्हा आला की धातू थकतो. आत न दिसणारी चीर पडते. वरून सगळं छान दिसत राहतं, आणि मग एक दिवस..." स्पोक टक्कन मोडे. मुलं माना डोलावत. तास संपला की सर घरी येत, बूट बदलत आणि दुखऱ्या नडगीवर पंधरा किलोमीटर धावून येत. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, असं त्यांना वाटलेलं नव्हतं.

सर ट्रायथलॉनची तयारी करत होते. त्यात आधी जवळजवळ दोन किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि मग एकवीस किलोमीटर धावायचं. हे सगळं एकापाठोपाठ एक, मध्ये चहा नाही. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथल्या माणसाने समुद्रात पोहण्याची तयारी करावी, यात काही लोकांना विसंगती दिसे. सरांना त्यात इच्छाशक्ती दिसे. कोकणातल्या एका किनाऱ्यावर डिसेंबरात ही स्पर्धा होई. सलग दोन वर्षं सरांनी नाव नोंदवलं होतं आणि दोन्ही वर्षं ते सुरुवातीच्या रेषेपर्यंतसुद्धा पोचले नव्हते. पहिल्या वर्षी गुडघा गेला, दुसऱ्या वर्षी खांदा. वय शेहेचाळीस. यंदा त्या रेषेवर उभं राहायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. नडगीला मात्र विचारलं नव्हतं.

या छंदाच्या दहा-बारा जणांचा एक ग्रुप होता, 'पोलादी सोलापूर'. रविवारी पहाटे अक्कलकोट रोडला सायकली काढायच्या आणि परतताना वळसंगच्या अलीकडे एका टपरीवर इडली खायची. तिथे कुणी कुणाला 'कसे आहात' असं विचारत नसे. 'काय दुखतंय?' असं विचारत. उत्तर ठरलेलं असे: "विशेष नाही, कुरबुर आहे." पाय उचलत नसला तरी कुरबुर. मान वळत नसली तरी कुरबुर. दुखापत हा शब्द ग्रुपमध्ये निषिद्ध होता; दुखापत दुबळ्यांना होते.

शिवाय तीन खेळ असण्याची एक मोठी सोय होती. गुडघा दुखायला लागला तेव्हा सरांनी धावणं कमी करून पोहणं दुप्पट केलं. त्यात खांदा गेला. मग पोहणं थांबवून सायकल दुप्पट केली, तेव्हा तळहात बधिर होऊन खडू हातातून गळायला लागला. तोपर्यंत गुडघा बरा झाला होता, म्हणून धावणं दुप्पट केलं. आता नडगी. एक खेळ खेळणाऱ्या माणसाला नाइलाजाने विश्रांती घ्यावी लागते. तीन खेळ खेळणाऱ्यावर ती पाळी येत नाही.

नडगीचं गुपित घरात फुटलं ते जिन्यामुळे. सर दुसऱ्या मजल्यावर राहत. सकाळी पायऱ्या उतरताना पाय टेकवत नसे, म्हणून ते शिडीवरून उतरावं तसे घराकडे तोंड करून उतरायला लागले. त्यांची आई केसरबाई माढ्याकडून दोन वर्षांपूर्वी राहायला आल्या होत्या आणि सकाळी दारात खुर्ची टाकून बसायच्या. त्यांनी चार दिवस हे बघितलं.

"आरं यशपाल, घराला पाट दावायची न्हाय आसं ठरीवलंयस व्हय?"

"वेगळ्या स्नायूंना व्यायाम होतो, आई."

"आन् मग तोंड का एरंडेल पेल्यागत?"

आतून बुद्धप्रिया आली. ही सरांची बायको, मुलींच्या शाळेत गणित शिकवते. "आई, आपल्याला दिसतं ते त्यांना सांगायचं नसतं," ती म्हणाली. "अहो, काल तुम्ही कॉटपासून पाण्याच्या माठापर्यंत खुर्ची, टेबल, फ्रीज आणि ओटा धरत गेलात. एवढे थांबे तर एसटीसुद्धा घेत नाही. संध्याकाळी डॉक्टरकडे जायचंय."

"कुरबुर आहे गं."

"असू दे. कुरबुर दाखवून येऊ."

"त्यापरीस वांगीच्या आबाकडं न्या," केसरबाईंनी सुचवलं. "हाड चोळून देतो. लई गुन हाय हाताला."

सरांना हा पर्याय डॉक्टरपेक्षा बरा वाटला, कारण आबाकडे मशीन नव्हतं.

डॉक्टर म्हणजे सात रस्त्याजवळच्या फिजिओथेरपिस्ट सृष्टी बिराजदार. वय तिशीच्या आत, आवाज शांत. सरांनी आपण कशी कुरबुर घेऊन आलो आहोत ते सांगितलं. सृष्टीताईंनी नडगीवर एक बोट ठेवून दाबलं. सरांच्या तोंडून निघालेला आवाज कुरबुरीत मोडणारा नव्हता. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले.

मग गुडघा, खांदा, तळहात असा सगळा इतिहास सृष्टीताईंनी ऐकून घेतला.

"सर, तुम्हाला चार दुखापती झालेल्या नाहीत. एकच आहे, ती जागा बदलत हिंडतीय."

"कुठली?"

"थांबता न येणं."

एमआरआय झाला. नडगीच्या हाडात केसासारखी बारीक चीर होती. सृष्टीताईंनी ती फिल्मवर दाखवली. सरांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून ती पाहिली. त्यांना ती ओळखीची वाटली.

"अजून वरून काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "असंच धावत राहिलात तर एक दिवस सगळ्यांना दिसेल. मग पट्टी, स्क्रू आणि धावणं कायमचं विसरायचं. सर, तुम्ही पॉलिटेक्निकला ना? तो स्पोकचा प्रयोग अजून करता?"

"तुम्हाला कसा माहीत?"

"माझा भाऊ तुमच्या वर्गात होता की. घरी येऊन आईच्या केसांचे आकडे मोडत बसायचा." त्यांनी फिल्म पाकिटात घातली. "पण एक फरक आहे. स्पोक महिनाभर कपाटात ठेवला तरी त्याची चीर भरून येत नाही. हाडाची येते. हाड धावताना तयार होत नाही, धावताना ते झिजतं. तयार होतं ते तुम्ही नुसते पडलेले असता तेव्हा. आणि आधीपेक्षा दणकट होतं."

सरांनी वीस वर्षं पदार्थांचं सामर्थ्य शिकवलं होतं. नुसतं पडून राहिल्याने दणकट होणारा पदार्थ अभ्यासक्रमात नव्हता.

"किती दिवस?"

"धावणं दोन-अडीच महिने बंद. नंतर बघू."

"पण स्पर्धा डिसेंबरात आहे."

"मग स्पर्धेला कळवा."

"पोहलं तर चालेल?"

"चालेल. पण पाय बंद आहे म्हणून दुप्पट नाही पोहायचं."

सरांनी मनात दुप्पटीचा हिशेब एव्हाना केलेला होता. तो त्यांनी जड मनाने पुसला.

ग्रुपवर बातमी दिली तेव्हा पृथ्वीराजचा फोन आला. पृथ्वीराज हा ग्रुपचा म्होरक्या. होटगी रोडला त्याची मोटरसायकलींची शोरूम आहे आणि कुठल्याही संकटाकडे तो योजना म्हणून बघतो.

"सर, काळजी करू नका. विश्रांती हासुद्धा सरावच आहे. आपण ती जोरात घेऊ."

त्याने ग्रुपवर 'विश्रांती पर्व' सुरू केलं. सगळ्यांच्या मनगटावर ती महागडी घड्याळं होतीच. झोप, नाडी वगैरे मोजून ते घड्याळ शरीर किती ताजंतवानं झालं याला शंभरपैकी गुण देई आणि सकाळी आपोआप ग्रुपवर टाकी. आता कुणी जास्त विश्रांती घेतली, यावर चढाओढ लागली. सरांनी ती मनावर घेतली. दुपारी जेवून ते पडत आणि दर थोड्या वेळाने गुण किती झाले ते बघत. बघितलं की नाडी वाढे आणि गुण कमी होत. कमी झाले की काळजी वाटे आणि आणखी कमी होत. विश्रांतीच्या पहिल्या आठवड्यात सर इतके दमले, की कॉलेजात प्राचार्यांनी त्यांना रजा घ्यायला सांगितलं.

शेवटी बुद्धप्रियाने ते घड्याळ काढून घेतलं आणि केसरबाईंच्या मनगटावर बांधलं. "आईंना वेळ बघायला होईल."

"हलकं हाय लई," केसरबाई म्हणाल्या आणि जेवून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सरांच्या नावावर एक्याऐंशी गुण लागले. पुढे नव्वद. केसरबाई जेवत, झोपत, शेजारणीशी बोलत आणि बोलताबोलता पुन्हा झोपत. स्पर्धेत आपण आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. ग्रुपवर अंगठे, टाळ्या आणि गुलाबाची फुलं यायला लागली. 'सर, रहस्य काय?' असं एकाने विचारलं. खुलासा करायचा हे सरांनी नक्की केलेलं होतं, फक्त अभिनंदनाचा ओघ जरा ओसरल्यावर.

आकडा सत्त्याण्णव झाला त्या रविवारी पहाटे पृथ्वीराज दारात हजर. धावायचे कपडे घालूनच आला होता.

"सर, सत्त्याण्णव. माझे अठ्ठेचाळीस आहेत. खाली लिहून आलंय, आज कठोर सरावाला उत्तम दिवस. चला, दहाच किलोमीटर. एकदम हळू."

"दोन महिने झाले नाहीत अजून."

"शरीर स्वतः सांगतंय सर. आपण शरीराचं ऐकायचं नाही तर कुणाचं?"

एरवी शरीराचं न ऐकणं हा ग्रुपचा पाया होता, पण सरांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्या लक्षात एवढंच आलं, की गेले आठ दिवस जिना सरळ तोंडाने उतरता येतोय आणि स्पर्धेला अजून थोडे दिवस आहेत. त्यांनी कपाटाखालून बूट काढले. एक घातला. दुसरा घालताना त्यांचा हात जरा थांबला, तरी घातला. बुटांच्या नाड्या बांधल्या. उभे राहिले.

तेवढ्यात केसरबाई मनगट झटकत बाहेर आल्या. "यशपाल, ह्ये परत गुरगुराय लागलंय बग. उटून चाला म्हन्तंय जनू. हितं कोन चालतंय सकाळच्या पारी? काडून घे."

पृथ्वीराजने त्या मनगटाकडे बघितलं. मग सरांच्या मोकळ्या मनगटाकडे बघितलं.

"ते गुण आईंचे आहेत," सर म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"सगळे?"

"एक्याऐंशीपासूनचे."

पृथ्वीराज दारातल्या पायरीवर बसून हसायला लागला. बराच वेळ हसला. नंतर तो हसत नसून ओठ चावतोय हे दिसलं. त्याला उठता येईना. सरांनी एका बाजूने आणि केसरबाईंनी दुसऱ्या बाजूने धरून त्याला उभं केलं.

"कुरबुर आहे," तो म्हणाला.

"आरं मर्दा, कंबर ग्येलीय तुजी," केसरबाई म्हणाल्या.

मग चहाबरोबर सगळं बाहेर पडलं. सायकलवर वाकून बसलं की पृथ्वीराजची कंबर धरत होती. गेले तीन रविवार तो पुढे निघून जातोय असं दाखवायचा आणि वळण गेलं की सायकल टेम्पोत टाकून घरी यायचा. "ताठ असलो की काही नाही सर. धावायला काही नाही. वाकलं की संपलं."

"मग मला कशाला चला म्हणत होतास?"

"तुम्ही धावला असता तर मला वाटलं असतं, माझंही काही नाही."

सरांनी खाली बघितलं आणि नाड्या सोडल्या. त्या दिवशी दोघेही टपरीवर गेले, पण पृथ्वीराजच्या गाडीतून. सायकलवाले आधीच इडल्या खात बसले होते.

गुरप्पांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय दुखतंय री सर?" गुरप्पा मूळ अक्कलकोटचे, घरी कानडी बोलणारे, बी-बियाण्यांचे व्यापारी, ग्रुपमधले सगळ्यात धिप्पाड.

"नडगीचं हाड चिरलंय," सर म्हणाले. "आणि विश्रांती माझी आई घेत होती."

सांबार वाढणाऱ्याने पळी हवेत धरली. मग पृथ्वीराजने टेम्पोचं सांगितलं.

"माझी टाच," गुरप्पा प्लेट खाली ठेवत म्हणाले. "सकाळी पहिलं पाऊल टाकतो ना, तेव्हा भिंत धरतो. बायकोला वाटतं, मी भिंतीला नमस्कार करतो. यप्पा, सहा महिने झाले. आणि खांदा तर वरच जात नाही. सायकलवर तेवढं काही वाटत नाही बघा."

त्यानंतर इडल्या थंड होईपर्यंत एकेक जण बोलत राहिला. ग्रुपच्या इतिहासातला तो सगळ्यात लांब नाश्ता होता.

सोमवारी सर, पृथ्वीराज आणि गुरप्पा असे तिघेही सृष्टीताईंसमोर ओळीने बसले. बुद्धप्रिया सोबत होती. सर काय सांगतील याची खात्री नसल्यामुळे ती हल्ली सोबत जायची. सृष्टीताईंनी तिघांना वाकवलं, फिरवलं, दाबलं आणि हात धुऊन खुर्चीत बसल्या.

"सरांचे खांदे आता छान आहेत, कारण या वेळी त्यांनी ऐकलं. गुरप्पांच्या मांड्या बैलासारख्या आहेत. पृथ्वीराज ताठ असेपर्यंत ठीक आहे. तिघांत मिळून एक धड माणूस आहे."

"स्पर्धेत तसं चालतं ना?" बुद्धप्रिया म्हणाली. "एकाने पोहायचं, एकाने सायकल, एकाने धावायचं. तुमच्याच माहितीपत्रकात आहे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ते पान तिघांनीही आजवर उलटून टाकलं होतं. पोलादी माणसं तसली पानं वाचत नाहीत.

"म्हणजे सर सुरुवातीच्या रेषेवर उभे राहतील?" सरांनीच विचारलं, दुसऱ्या कुणाबद्दल असावं तसं.

"राहतील," सृष्टीताई म्हणाल्या. "पाण्यात उतरतील. पोहतील. बाहेर येतील. आणि बसतील."

पुढचे आठवडे सर तेवढंच पोहले जेवढं सांगितलं होतं. हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वात अवघड प्रशिक्षण होतं. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा फिल्म काढली. चीर होती तिथे हाड जरा जाड, पांढुरकं दिसत होतं. चालण्यावरची सगळी बंधनं उठली. धावायला अजून पंधरा दिवस नाही. त्या वर्षी वर्गात स्पोक मोडल्यावर सरांनी ती फिल्म खिडकीला धरून मुलांना दाखवली. परीक्षेत येणार नाही असंही सांगितलं, त्यामुळे कुणी लिहून घेतलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी समुद्र खवळला होता. किनाऱ्यावर लाल निशाण लागलं आणि कर्ण्यावरून घोषणा झाली: सुरक्षेसाठी पोहणं रद्द. त्याऐवजी पहिल्या टप्प्यात पाच किलोमीटर धावायचं, तेही पाऊण तासाच्या आत; नाहीतर निकालात नाव नाही.

पोहायची टोपी घातलेले सर तसेच उभे राहिले.

"मी धावतो तुमच्याऐवजी," पृथ्वीराज म्हणाला.

"टप्पे बदलता येत नाहीत," घोट्याला बांधायचे वेळेचे पट्टे वाटणारा माणूस म्हणाला.

केसरबाई वाळूत खुर्ची टाकून बसल्या होत्या. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. "आपल्याकडं पानी न्हाय तर पवत्यात," त्या बुद्धप्रियाला म्हणाल्या, "आन् हितं यवडं हाय तर पळत्यात."

सरांनी सृष्टीताईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाय काय म्हणतोय?"

"काही नाही."

"मग चाला. धावायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही."

"सगळे मला ओलांडून जातील."

"टी-शर्ट तोच घातलाय का?"

"हो."

"मग वाचतील."

तिसऱ्या वर्षी का होईना, सर सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले. घोट्याला वेळ नोंदवणारा पट्टा बांधलेला होता. शिट्टी झाली. सगळे सुटले. सर चालायला लागले. हात हलवत, झपझप, विजापूर रोडवरच्या निवृत्त मंडळींसारखे. पहिल्या वळणापर्यंत रस्ता मोकळा झाला. एका स्वयंसेविकेने बरं नाही का, असं विचारलं. "एकदम बरं आहे," सर म्हणाले, आणि ते खरं आहे हे लक्षात येऊन त्यांना जरा नवल वाटलं. शेवटच्या वळणावर लोक टाळ्या वाजवून "पळा काका, पळा" म्हणत होते. सरांची पावलं आपोआप लांब पडायला लागली. टाच उचलली गेली. त्यांना फिल्मवरचा तो जाड, पांढुरका ठिपका आठवला. त्यांनी टाच खाली टेकवली आणि चालत राहिले.

सायकलींच्या मांडवात एकच सायकल उरली होती. तिच्याशेजारी गुरप्पा हेल्मेट घालून उभे होते. सरांनी वाकून पट्टा सोडला आणि त्यांच्या घोट्याला बांधला.

"काय दुखतंय री सर?" गुरप्पांनी सवयीने विचारलं.

सरांनी थोडा विचार केला. गुडघा, खांदा, तळहात, नडगी, सगळीकडे मनाने फिरून आले.

"काहीच नाही."

हे उत्तर ग्रुपमध्ये कुणी कधी दिलेलं नव्हतं, त्यामुळे गुरप्पा क्षणभर बघतच राहिले. मग सायकलवर बसले आणि उभे राहून जोरात पायडल मारत निघाले. पृथ्वीराज कुंपणापलीकडे ताठ उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पहिल्या टप्प्याची वेळमर्यादा दोन मिनिटांपूर्वी संपली होती.